ठाण्याची गाडी मनालीच्या बर्फात: टायरचं काय?

घोडबंदर रोडवर फिरणाऱ्या गाडीला विंटर टायर घेऊ नका. त्याचं रबर मऊ असतं, आपल्या उन्हात भराभर झिजतं. उलट आपल्या नेहमीच्या टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक होऊ लागतं आणि पकड जाते, नक्षी कितीही नवी असो. ऑल-सीझन म्हणजे मधला मार्ग. हलक्या बर्फात चालतो, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर नाही. टायरच्या बाजूवर नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) असेल तर भुलू नका. तीन शिखरांत हिमकण हे चिन्ह असेल तरच बर्फावरची चाचणी झालेली असते.

चार दिवसांच्या सहलीला चेन, म्हणजे बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या, पुरतात. टायरवरचा आकडा, समजा 185/65 आर 15, दाखवूनच घ्या. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते तिथेच त्या लागतात: बहुतेक हॅचबॅकना पुढे, बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टाला मागे. इथेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून दोनदा चढवून बघा. तिथे बोटं चालत नाहीत. शंभरेक मीटर गेल्यावर पुन्हा आवळा, वेग 40 च्या आत ठेवा. डांबर दिसलं की काढा, नाहीतर तुटलेली कडी मडगार्ड फाडते.

टायरमधल्या हवेचं मात्र हमखास राहून जातं. तापमान 10 अंश उतरलं की हवेचा दाब साधारण 2 पीएसआय कमी होतो. उंचीमुळे गेज थोडं जास्त दाखवतो, पण थंडी त्याहून जास्त खाते. म्हणून तिथे सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा आणि दारावरच्या स्टिकरइतकी भरा. पकड वाढावी म्हणून हवा काढू नका.