पांढरा साका दिसला की लगेच ‘सल्फेट’ लिहू नका

सांगली-मिरजेच्या ज्युनियर कॉलेजांत बारावीची प्रॅक्टिकल सुरू झाली की सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या (दिलेलं सॉल्ट कोणतं ते ओळखण्याच्या) वह्यांत एकच वाक्य सापडतं: ‘बेरियम क्लोराइड टाकले, पांढरा साका आला, सल्फेट आहे.’ (साका म्हणजे द्रावणातून वेगळा पडणारा, न विरघळणारा गाळ.) आधी अ‍ॅसिड टाकलं होतं का? कोणतं? साका त्यात टिकला का? नुसत्या पाण्याने तीच टेस्ट केली तेव्हा काय दिसलं? यातलं काहीच लिहिलेलं नसतं, कारण केलेलं नसतं.

अ‍ॅसिड आधी, बेरियम नंतर

बेरियमबरोबर पांढरा साका देणारं सल्फेट एकटं नाही. कार्बोनेट, सल्फाइट, फॉस्फेट हे सगळे देतात. फरक पडतो तो विरल (पाण्याने पातळ केलेल्या) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये: बाकीचे साके विरघळतात, बेरियम सल्फेट तसंच राहतं. कार्बोनेट, सल्फाइट, फॉस्फेट ही सौम्य अ‍ॅसिडांची मुलं. हायड्रोजन आयन मिळाला की ती बेरियमला सोडून त्याच्याकडे जातात. सल्फेटला विरल अ‍ॅसिडची तेवढी ओढ नसते, आणि बेरियम सल्फेट पाण्यात लिटरला जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं.

सर्वांत जास्त घोळ सोडियम कार्बोनेट एक्सट्रॅक्टमध्ये (सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर पाण्यात उकळून गाळलेल्या द्रावणात) होतो. त्यात कार्बोनेट आपणच ओतलेलं असतं, भरपूर. ते न मारता बेरियम क्लोराइड टाकलं तर कुठलंही सॉल्ट ‘सल्फेट’ निघणार. बुडबुडे दिसले की ‘झालं न्यूट्रल’ म्हणून पुढे धावणारे विद्यार्थी इथेच फसतात. बुडबुडे येतायत याचा अर्थ कार्बोनेट अजून शिल्लक आहे. क्रम असा ठेवा: २ मिली द्रावण घ्या. २ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने, नळी हलवत, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत घाला. किंचित गरम करून कार्बन डायऑक्साइड घालवा. निळा लिटमस लाल झाला की आणखी पाच-सहा थेंब. द्रावण या टप्प्यावर स्वच्छ हवं. मग १ मिली बेरियम क्लोराइड, साधारण ०.१ मोलर, म्हणजे १०० मिलीत २.४४ ग्रॅम स्फटिक. साका आल्यावर अ‍ॅसिड टाकूनही कार्बोनेट विरघळतं, पण दाट साका पुरता विरघळायला वेळ लागतो आणि घाईतला विद्यार्थी तेवढा थांबत नाही. म्हणून अ‍ॅसिड आधीच.

अ‍ॅसिड कोणतं, हेही महत्त्वाचं. नायट्रिक अ‍ॅसिड सल्फाइटचं ऑक्सिडेशन करून सल्फेट बनवतं, म्हणून सल्फाइटची शंका असेल तर ते नको. उलट शिसं किंवा चांदी असेल तर हायड्रोक्लोरिक टाकताच त्यांची क्लोराइडं पांढरी खाली बसतात. तिथे विरल नायट्रिक आणि बेरियम नायट्रेट वापरा. आणि संहत (पातळ न केलेलं) हायड्रोक्लोरिक तर कधीच नको. त्यात बेरियम क्लोराइड स्वतःच पांढऱ्या स्फटिकांत बाहेर पडतं. पाणी घातल्यावर ते नाहीसं होतं, पण तोवर वहीत सल्फेट लिहून झालेलं असतं.

पाणी

मिरजेकडच्या एका कॉलेजात एका बॅचला अमोनियम क्लोराइड दिलेलं होतं. निम्म्या टेबलांवर उत्तर बरोबर, निम्म्यांवर क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही. आधी संशय सॉल्टवर गेला, मग बेरियम क्लोराइडच्या बाटलीवर. बाटली बदलून पाहिली, फरक नाही. शेवटी दोन परीक्षानळ्या घेतल्या: एकीत नव्या डब्यातलं डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत टेबलावरच्या कॅनमधलं पाणी. दोन्हींत अ‍ॅसिड, मग बेरियम क्लोराइड. पहिली स्वच्छ, दुसरी गढूळ. प्रॅक्टिकल चालू असताना कॅन रिकामा झाला होता आणि कोणीतरी तो बोअरच्या नळाखाली भरून ठेवला होता. ज्यांनी त्याआधी द्रावण केलं, ते बरोबर ठरले.

कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना बोअरच्या पाण्यात सल्फेट निघाल्याचं आश्चर्य वाटू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ४००. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा बेरियमला गढूळ करू शकतं. लिटरला २०० मिलिग्रॅम असलेल्या २ मिली पाण्यातून सुमारे १ मिलिग्रॅम बेरियम सल्फेट पडतं. ०.१ मोलर सल्फेटच्या २ मिलीतून, बेरियम पुरेसं असेल तर, पडतं सुमारे ४७ मिलिग्रॅम. एक नुसता धूसरपणा, दुसरा तळाशी बसणारा दाट साका. हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत प्रत्येक वेळी ब्लँक, म्हणजे सॉल्ट न घालता नुसत्या पाण्याने तीच टेस्ट, करा. एक मिनिट लागतं. नळी नळाखाली धुतली तरी शेवटची दोन विसळणी डिस्टिल्ड वॉटरची हवीत. डिंकासारखं चिकटून बसलेलं जुनं बेरियम सल्फेट ब्रश न घालता निघत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

चुनखडी किंवा संगमरवरावर विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिड टाकून ‘बुडबुडे थांबले, कार्बोनेट नाही’ असं ठरवू नका. कॅल्शियम सल्फेटचा थर पृष्ठभागावर बसतो आणि अ‍ॅसिड आत पोहोचत नाही. इथे हायड्रोक्लोरिकच हवं.

थायोसल्फेटमध्ये अ‍ॅसिड घातलं की गंधक सुटून द्रावण दुधाळ, पिवळसर होतं. बेरियम टाकायच्या आधीच गढूळ झालं तर ते सल्फेट नव्हे.

उघडी पडलेली सोडियम सल्फाइटची जुनी बाटली सल्फेटची खरी टेस्ट देते. हवेने तिचं सल्फेट झालेलं असतं.

लेड अ‍ॅसिटेटने पांढरा साका आला तर तो लेड क्लोराइडही असू शकतो. गरम पाण्यात विरघळला तर क्लोराइड. लेड सल्फेट गरम अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये विरघळतं.

कॅल्शियमच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक टाकून साका आला नाही म्हणून कॅल्शियम नाही असं म्हणू नका. कॅल्शियम सल्फेट लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं, त्यामुळे पातळ द्रावणात काहीच दिसत नाही. पण हेच कॅल्शियम सल्फेट तासगावकडच्या द्राक्षबागांत ड्रिपर बुजवतं. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत घट्ट कालवलं की तळाला जिप्सम, म्हणजे हेच कॅल्शियम सल्फेट, बसतो. दोन खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा.

बीएस्सीला वजनी पद्धत (साका वाळवून, तोलून सल्फेट मोजणं) करणाऱ्यांनी थंड द्रावणात बेरियम क्लोराइड एकदम ओतू नये. कण इतके बारीक पडतात की फिल्टर पेपरमधून निघून जातात. द्रावण किंचित अ‍ॅसिडिक ठेवून उकळीजवळ न्या, गरम विरल बेरियम क्लोराइड ढवळत थेंबाथेंबाने घाला, तासभर तरी गरम राहू द्या. मग गरम पाण्याने धुवा, गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येणं थांबेपर्यंत. पेपर मंद आचेवर, हवा खेळती ठेवून जाळा, नाहीतर कार्बन बेरियम सल्फेटचं बेरियम सल्फाइड करतो आणि वजन कमी भरतं.

विरघळणारं बेरियम विषारी आहे. ड्रॉपर तोंडाने ओढू नका. उरलेलं बेरियम क्लोराइड बेसिनमध्ये न ओतता एका बाटलीत जमवा, त्यात जास्तीचं विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिड घाला, रात्रभर बसू द्या. सकाळी वरच्या नितळ पाण्यात एक थेंब सल्फ्युरिक टाकून पाहा. काही आलं नाही तर ते पाणी चुन्याने न्यूट्रल करून टाका आणि साका वेगळा ठेवा.