जुना सीडी प्लेअर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

जुना सीडी प्लेअर अडखळू लागला की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते: ‘लेन्स गेली’. हे निदान कधी कधी बरोबर असते. परंतु पुष्कळदा खरा दोष सैल पडलेल्या रबरी पट्ट्यात, वाळून घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये किंवा तबकडीवरच्या एखाद्या ओरखड्यात असतो, आणि चुकीच्या निदानामुळे थोड्या मेहनतीत वर्षानुवर्षे चालले असते असे यंत्र भंगारात जाते. माझ्याकडच्या एका प्लेअरमध्ये तबकडीच्या चाळिसाव्या मिनिटानंतर गाणे उड्या मारू लागले, तेव्हा मीही दुरुस्तीवाल्याच्या सांगण्यावरून संपूर्ण लेसर पिकअप (लेसर आणि लेन्स असलेला, तबकडी वाचणारा भाग) बदलून घेतला. दोष तसाच राहिला. पिकअप ज्या दांड्यावरून सरकतो त्या दांड्यावरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते, आणि ते पुसून काढल्यावर प्लेअर सुरळीत चालू लागला. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे: बिघाड तबकडीच्या कोणत्या भागात होतो हे आधी पाहायचे आणि मगच यंत्राला हात लावायचा.

आवाजाच्या शोधात यंत्रणेकडे दुर्लक्ष करणे

जुना प्लेअर निवडताना पहिली चूक होते ती तो ‘कसा वाजतो’ या प्रश्नातच अडकून पडण्याची. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केलेल्या मानकानुसार प्रत्येक संगीत सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असेच ध्वनिमुद्रण असते. ते वाचून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करण्याचे काम सुस्थितीतले साधे यंत्रही उत्तम करते. दोन सुस्थितीतल्या प्लेअरमधला फरक स्पीकर बदलल्याने किंवा ते भिंतीपासून थोडे पुढे ओढल्याने पडणाऱ्या फरकापुढे फार लहान असतो. त्यामुळे जुन्या बाजारात नामांकित पण अडखळणाऱ्या यंत्रापेक्षा साधे पण न अडखळता वाचणारे यंत्र घेणे केव्हाही शहाणपणाचे आहे. शिल्लक राहिलेले पैसे स्पीकरवर खर्च करावेत.

विक्रेत्याच्या तबकडीवर विसंबून राहणे

चाचणीसाठी स्वतःच्या दोन-तीन तबकड्या न्याव्यात आणि त्यांपैकी एक तरी सत्तर मिनिटांहून अधिक लांबीची असावी. ग्रामोफोनच्या उलट सीडी आतून बाहेर वाचली जाते. अगदी आतल्या कडेला अनुक्रमणिका असते, ती वाचून झाल्यावरच गाण्यांची संख्या आणि एकूण वेळ पडद्यावर उमटते. आतल्या भागात तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि लेसर बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत हा वेग सुमारे २०० फेऱ्यांपर्यंत उतरतो. म्हणून पहिले गाणे नीट वाजले एवढ्यावर समाधान मानले तर यंत्राची अर्धीच परीक्षा होते. पहिले गाणे ऐकावे, तेथून थेट शेवटच्या गाण्यावर जावे, पुन्हा मागे यावे, आणि जमल्यास प्लेअर निदान अर्धा तास चालू ठेवावा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच प्रकट होतात.

ट्रे चार-पाच वेळा उघडून बंद करावा. तो अडत असेल किंवा बोटाने ढकलावा लागत असेल, तर आतला रबरी पट्टा कडक किंवा ढिला झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. हा दोष स्वस्तात दूर होतो, त्यामुळे इतर सर्व ठीक असेल तर केवळ एवढ्यासाठी यंत्र नाकारू नये. याउलट तबकडी आत जाऊनही बराच वेळ फिरत राहणे किंवा मुळीच न फिरता ‘डिस्क नाही’ असा संदेश येणे अधिक गंभीर आहे. ‘फक्त लेन्स पुसावी लागेल’ असे विक्रेता म्हणाला, तर ती पुसून यंत्र वाजवून दाखवण्याची विनंती करावी.

रिमोट सोबत आहे की नाही हे विचारायला अनेक जण विसरतात. काही प्लेअरमध्ये ठरावीक क्रमांकाचे गाणे निवडण्याची सोय रिमोटवरच असते. रिमोटचे पुढचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यास बहुतेक कॅमेऱ्यांत फिकट उजेड लुकलुकताना दिसतो. तो दिसला की निदान रिमोट जिवंत आहे एवढे कळते. मागच्या बाजूची पाटी वाचणेही आवश्यक आहे, कारण परदेशातून आलेला प्लेअर १०० किंवा १२० व्होल्टवर चालणारा असू शकतो आणि तो थेट २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडला तर त्याचा वीजपुरवठा जळू शकतो.

आणखी एक तपशील फार थोड्यांना माहीत असतो. जुन्या काही प्लेअरच्या तळाशी वाहतुकीसाठीचा स्क्रू असतो. प्रवासात आतली यंत्रणा हादरू नये म्हणून तो घट्ट करतात आणि घरी आल्यावर सैल करावा लागतो. तो सैल न केल्यामुळे निर्दोष प्लेअर ‘बिघडलेला’ म्हणून विकला जाऊ शकतो.

चुकीच्या जागी तार जोडणे

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एकसारखी दिसणारी अनेक छिद्रे असतात आणि तेथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे सीडी प्लेअर ‘फोनो’ या जागी जोडणे. ती जागा ग्रामोफोनच्या सुईतून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या क्षीण संकेतासाठी असते. ती संकेत शंभरपट किंवा त्याहूनही वाढवते आणि त्यातला खर्ज मुद्दाम उचलून धरते. सीडी प्लेअरमधून बाहेर पडणारा संकेत साधारण २ व्होल्टचा असल्याने येथे आवाज फाटतो, घुमतो आणि ऐकणारा प्लेअरलाच दोष देतो. ‘सीडी’, ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ असे लिहिलेली कोणतीही जागा चालते.

पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या छिद्रातून अ‍ॅम्प्लिफायरला तार नेणेही टाळावे. मागची लाइनची जागा त्याच कामासाठी दिलेली आहे. काही प्लेअरमध्ये मागे दोन जोड्या असतात, एक स्थिर पातळीची आणि एक कमीजास्त होणारी. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्थिर पातळीची जोडी लावावी, अन्यथा कोणीतरी रिमोटवरून प्लेअरचा आवाज उतरवून ठेवतो आणि मग अ‍ॅम्प्लिफायरची कळ शेवटपर्यंत फिरवूनही संगीत दबलेलेच राहते. एकाच बाजूचा स्पीकर वाजत असेल तर डावी आणि उजवी तार अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला आपसांत बदलून पाहावी. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर तो प्लेअरमध्ये किंवा तारेत आहे, आणि जागच्या जागी राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. महागड्या तारांची गरज मला कधीच पटलेली नाही. घट्ट बसणारा प्लग आणि आत तुटलेली नसलेली तार एवढे पुरेसे असते.

डिजिटल आउटपुट असलेला प्लेअर मिळाला तर तो अवश्य पसंत करावा, कारण पुढे त्यातील ध्वनी रूपांतर करणारा भाग बिघडला तरी बाहेरचा डॅक (हेच रूपांतर करणारे स्वतंत्र यंत्र) जोडून तो वापरता येतो. मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. सीडीच्या सुरुवातीच्या वर्षांतील काही तबकड्यांवर तार स्वर मुद्दाम उचलून मुद्रित केलेले आहेत आणि त्यांच्यावरची खूण ओळखून प्लेअर ते पुन्हा मूळ पातळीवर आणतो. काही बाहेरचे डॅक ही खूण ओळखत नाहीत आणि मग त्या मोजक्या तबकड्या कर्कश वाटतात. अशी शंका आली तर तीच तबकडी प्लेअरच्या स्वतःच्या लाइन आउटपुटमधून ऐकून पाहावी.

तबकडीची खालची बाजू जपणे आणि वरची विसरणे

संगीत चकाकत्या बाजूच्या पृष्ठभागावर कोरलेले आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पलीकडे, म्हणजे नाव छापलेल्या बाजूला लागून, माहितीचा आणि चकाकीचा थर असतो, आणि त्याच्यावर केवळ लाखेसारखा पातळ लेप असतो. म्हणून छापील बाजूवर टोकदार पेनाने लिहिणे, तेथे चिकटपट्टी लावणे किंवा तबकडी त्या बाजूने टेबलावर घासणे हे खालच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक आहे. खालचा ओरखडा पुष्कळदा घासून सौम्य करता येतो, परंतु वरचा थर खरवडला गेला तर तेथील संगीत कायमचे गेले. वापरलेली तबकडी घेताना ती दिव्यासमोर धरावी. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ती न घेतलेली बरी.

पुसताना तबकडी गोल गोल पुसू नये, मऊ आणि स्वच्छ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी. याला कारण आहे. सीडीवरील चूक-दुरुस्तीची पद्धत मागावर, म्हणजे माहिती ज्या सर्पिल रेषेवर असते तिच्यावर, सलग सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची माहिती हरवली तरी ती पूर्ववत भरून काढू शकते. केंद्राकडून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच आड येतो, तर मागाला समांतर गेलेला ओरखडा लांबवर माहिती झाकून टाकतो आणि ही मर्यादा ओलांडतो.

घरी लिहिलेल्या तबकड्यांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. कारखान्यात साच्यातून काढलेली सीडी तिच्यावर पडलेल्या लेसरचा निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, पण पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तबकडी जेमतेम १५ ते २५ टक्केच परत पाठवते. जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत यात त्यांचा दोष नाही. एकदाच लिहिता येणारी तबकडी बहुधा चालते, मात्र ती ‘ऑडिओ सीडी’ म्हणूनच लिहिलेली असावी.

लक्षण न वाचता यंत्र उघडणे

एकच तबकडी एकाच ठिकाणी अडखळत असेल तर दोष तबकडीचा आहे, यंत्र उघडण्याची गरज नाही. सर्व तबकड्या सुरुवातीलाच अडत असतील, किंवा अनुक्रमणिका वाचायला फार वेळ लागत असेल, तर मळलेली लेन्स, थकलेला लेसर किंवा झिजलेली फिरवणारी मोटर यांपैकी काहीतरी आहे, कारण आतल्या भागात मोटरला सर्वाधिक वेग गाठावा लागतो. सुरुवात उत्तम होऊन मध्यापासून किंवा शेवटाकडे अडखळत असेल तर आधी सरकदांडा आणि त्यावरचे ग्रीस पाहावे. तबकडी फिरताना घासल्याचा आवाज येत असेल किंवा ती निसटत असेल तर तिला वरून धरणारी चकती आणि खालची बैठक चिकट झाली आहे का ते तपासावे. अधूनमधून, कोणत्याही ठिकाणी आणि विशेषतः तापल्यावर बिघाड होत असेल तर सुटलेल्या डाखजोडांचा (सोल्डर केलेल्या जोडांचा) किंवा वीजपुरवठ्यातील जुन्या कपॅसिटरचा संशय घ्यावा. ते काम जाणकाराकडे सोपवणे इष्ट. थंड जागेतून उबदार खोलीत नुकताच आणलेला प्लेअर वाचत नसेल तर लेन्सवर दव साचलेले असते. अशा वेळी तो तासभर तसाच ठेवावा. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये, कारण खालची उष्णता त्याच्यात शिरते.

लेन्स पुसण्याआधी प्लग सॉकेटमधून काढावा. लेन्स केसासारख्या बारीक तारांवर किंवा पातळ पट्ट्यांवर तोललेली असते, म्हणून कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून केवळ तिच्या भाराने गोल फिरवावी आणि कोरड्या काडीने तसेच पुसावे. अनेक लेन्स प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे नखांचा रंग काढण्याचे द्रव त्यांवर कधीही वापरू नये. झाकण उघडे ठेवून प्लेअर चालू करण्याची वेळ आली तर लेन्सकडे वरून पाहू नये. ७८० नॅनोमीटर लांबीच्या त्या किरणाचा केवळ क्षीण लालसर ठिपका दिसतो, आणि त्यामुळे त्याच्या तीव्रतेचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

पिकअपच्या बाजूला असलेला बारीक स्क्रू फिरवून लेसरची शक्ती वाढवणे ही मला सर्वांत वाईट चूक वाटते. थकलेला लेसर त्यामुळे काही दिवस पुन्हा वाचू लागतो आणि दुरुस्ती झाली असे वाटते, परंतु वाढलेल्या प्रवाहाने त्याचे उरलेले आयुष्य झपाट्याने सरते. चांगला पिकअप असलेल्या यंत्रात तो स्क्रू फिरवला तर कारखान्यातली मूळ मांडणी हरवते आणि मोजणीच्या साधनांवाचून ती परत जुळवता येत नाही.

लेसर खरोखरच संपला असेल तर पिकअपवरचा क्रमांक वाचून त्याच क्रमांकाचा भाग शोधावा. सोनीचा केएसएस-२१३ यांसारखे काही पिकअप अनेक कंपन्यांच्या प्लेअरमध्ये वापरले गेले, म्हणून त्यांचे पर्यायी भाग दुर्मीळ पिकअपच्या मानाने सहज मिळतात. यंत्र विकत घेण्याआधीच हा क्रमांक कळला तर फार उत्तम. नवा पिकअप बसवल्यावरही ‘डिस्क नाही’ असे दिसले तर तो सदोष ठरवून परत करण्याची घाई करू नये. अंगातील स्थिर विजेने लेसर जळू नये म्हणून अशा अनेक पिकअपच्या छोट्या पट्टीवर दोन बिंदू डाखाच्या थेंबाने जोडून पाठवलेले असतात, आणि पिकअप प्लेअरला जोडल्यानंतर तो थेंब काढावा लागतो. तो काढल्यावर तीच लांब तबकडी घालावी, आधी पहिले गाणे लावावे आणि मग शेवटचे.