मशीनवर ३८,४०० अन् खात्यात ३५,९२१ : कार्ड मशीनचा हिशोब कसा जुळवायचा

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात पारोळ्याच्या मावसभावाचा फोन आला. त्याचं कपड्याचं दुकान आहे, लेकी माहेरी यायचे दिवस म्हणजे त्याच्या साड्यांचा सीझन, आणि फोन उचलला नाही तोच तो म्हणे, "मना पैसा कथा गयात भो?" मशीनवर दिवसभरात ३८,४०० चे स्वाइप झालेले आणि दुसऱ्या दिवशी खात्यात जमा ३५,९२१.५१. मशीनवाल्या कंपनीने खाल्ले असं त्याचं ठाम मत होतं. खाल्ले नव्हते, पण ते कळायला दोघांची संध्याकाळ गेली, तुमची जाऊ नये म्हणून ज्या क्रमाने आम्ही शोधलं त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मशीनची दिवसाची समरी प्रिंट काढा आणि बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची यादी, सेटल झाली का, म्हणजे बंद होऊन पुढे गेली का ते बघा. कार्ड घासलं, "अप्रूव्ह्ड" आलं, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बँकेने फक्त हो म्हटलं, पैसे निघाले असं नाही. दिवसाची बॅच बंद झाली की ती यादी पुढे जाते आणि मग व्हिसा, रुपे वगैरे नेटवर्कमार्फत पैसा तुमच्या मशीनवाल्या बँकेकडे येतो. बऱ्याच मशीन आता रात्री आपोआप सेटल होतात, पण जुन्या मशीनवर बटन दाबावं लागतं आणि दुकान बंद करायच्या गडबडीत ते राहिलं की पैसा तिथेच अडकून बसतो.

मग ॲप उघडा. तिथे एक नाही, तीन-चार आकडे दिसतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एकूण विक्रीचा आकडा म्हणजे नुसती स्वाइपची बेरीज, त्यातून काहीच कापलेलं नसतं. पेंडिंग म्हणजे व्यवहार झाला पण अजून तुमच्या हक्कात आलेला नाही. अव्हेलेबल म्हणजे पुढच्या पेआउटला (कंपनी तुमच्या खात्यात पैसे टाकते तेव्हा) निघणार ती रक्कम, आणि सेटल्ड म्हणजे बँकेकडे रवाना झालेली. होल्ड नावाचा रकाना असेल आणि त्यात शून्य नसेल तर लगेच फोन करून कारण विचारा, तिथे गप्प बसायचं नाही. करारात बहुतेक टी प्लस वन लिहिलेलं असतं, म्हणजे व्यवहारानंतरच्या पुढच्या कामाच्या दिवशी पैसे, त्यामुळे शुक्रवारचे पैसे मधे दुसरा किंवा चौथा शनिवार आला तर सोमवारी आले तरी घाबरू नका. त्याच दिवशी पाहिजेत तर काही कंपन्या देतात, पण त्याचा वेगळा चार्ज लावतात.

आता खरी कापाकापी, म्हणजे एमडीआर, कार्डाने पैसे घेतल्याबद्दल दुकानदाराकडून कापलं जाणारं कमिशन. तो प्रत्येक कार्डाला वेगळा असतो म्हणून एकूण रकमेवर टक्का लावून हिशोब कधीच जुळत नाही, कार्डाप्रमाणे तीन ढीग करावे लागतात. भावाचं असं निघालं: रुपे डेबिटचे ६,२०० होते, त्यावर काहीच कापलं नाही, कारण १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिटला एमडीआर शून्य आहे (रुपे क्रेडिट कार्ड त्यात येत नाही हां, लोक फसतात). बाकीचं डेबिट १२,०००, त्यावर ०.९० टक्के म्हणजे १०८. क्रेडिट कार्ड २०,२००, त्याचा रेट त्याच्या करारात १.८० टक्के, म्हणजे ३६३.६०. दोन्ही मिळून ४७१.६०, वर त्या चार्जवर १८ टक्के जीएसटी ८४.८९. झाले ५५६.४९.

डेबिटच्या रेटला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली आहे, मागच्या वर्षीची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर स्वाइप मशीनवर ०.४० टक्के आणि व्यवहारामागे जास्तीत जास्त २०० रुपये, त्यापुढच्या दुकानदाराला ०.९० टक्के आणि १,००० रुपये. म्हणजे छोटं दुकान असून तुम्हाला ०.९० लागत असेल तर भांडायला जागा आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे करारात जे ठरलं ते, म्हणून सही करताना घासाघीस करा, साडी विकताना करतो तेवढी तरी.

तरी १,९२२ रुपये कमी पडतच होते. त्यातले ४७२ मशीनचं भाडं, ४०० आणि जीएसटी. उरलेले १,४५० म्हणजे आदल्या दिवशीची परत आलेली साडी! नोकराने रिफंड मारला होता आणि सांगायचं विसरला होता, कंपनीने तो आजच्या पेआउटमधून वळता केला. बॅच बंद व्हायच्या आत लक्षात आलं तर रिफंड नाही, व्हॉइड करा, व्यवहारच रद्द होतो. नंतरच्या रिफंडमध्ये एमडीआर परत मिळतो का ते करारावर असतं. आणि कार्डावर घेतलेले पैसे रोख परत देऊ नका, उद्या गिऱ्हाईकाने बँकेत तक्रार टाकली तर दोनदा जातील.

मग पेआउटसोबतचा यूटीआर नंबर (बँकेतून पैसे पाठवले की त्याला मिळणारा ओळख नंबर) बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधून त्यापुढे बरोबरची खूण करा. वहीत विक्री ३८,४०० च लिहायची, जमा झालेली रक्कम नाही, आणि एमडीआर खर्चात, नाहीतर जीएसटी रिटर्नमध्ये विक्री कमी दिसेल. चार्जवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या दुकानदारांसाठीच्या सोप्या योजनेतल्या) लोकांना नाही.

गिऱ्हाईकाचे पैसे कटले पण मशीनमधून स्लिप आलीच नाही असं झालं तर तो व्यवहार तुमच्या बॅलन्समध्ये शोधत बसू नका, त्याच्या बँकेने व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत पैसे परत टाकायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. माल तेव्हा देऊ नका, पैसे दुसऱ्या कार्डाने घ्या.

चार्जबॅकचं, म्हणजे गिऱ्हाईकाने आपल्या बँकेत तक्रार करून पैसे परत मागितले त्याचं, मात्र उलट आहे, तिथे पैसे आधी तुमच्याकडून जातात आणि मग मुदतीत बिल आणि स्लिप दाखवून सोडवून आणावे लागतात. भावाने मागच्या वर्षीच्या स्लिपा स्कूटरच्या डिकीत पिशवीत जपल्या होत्या. आमच्याकडचा मे महिना आणि तो थर्मल कागद, पिशवी उघडली तर अर्ध्या स्लिपा काळ्या ठिक्कर. आता तो रोज रात्री शटर ओढायच्या आधी प्रत्येक स्लिपचा फोटो काढतो.