मेंदूची सूज मोजताय? प्रयोगशाळेत या चुका टाळा

डोक्याला जबर मार लागला की मेंदूत पाणी दोन वाटांनी घुसतं. ऊर्जा आटल्याने पेशीतला सोडियम बाहेर काढणारे सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतात, सोडियम पेशीत शिरतो आणि त्याच्यामागे पाणी. दुसरी वाट फाटलेल्या रक्त-मेंदू अडथळ्याची, म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत जाऊ न देणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीची: अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासकट पाणी गळून पेशींबाहेर साचतं. उंदरांवर काम करणाऱ्यांचे बरेचसे घोळ या दोन सुजांना एकच समजण्यातून होतात.

सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे ओलं वजन, सुकं वजन: मेंदूचा तुकडा वाळवण्याआधी आणि नंतर तोलायचा, फरक तेवढं पाणी. तिथेच सगळ्यात जास्त माती होते. "पाणी ७९ चं ८० टक्के झालं, एवढ्याशा फरकाचं काय?" असं म्हणू नका. १०० ग्रॅम ऊतीत २१ ग्रॅम घन भाग असतो. पाणी ८० टक्के झालं की तेच २१ ग्रॅम पाचवा हिस्सा ठरतात, म्हणजे ऊती १०५ ग्रॅम झाली. बंद कवटीत पाच टक्के सूज ही थोडी नव्हे.

आता उलट बाजू. २०० मिलिग्रॅमचा तुकडा, त्यात ८० टक्के पाणी. काट्यापर्यंत नेताना १० मिलिग्रॅम उडून गेलं तर उत्तर ७८.९ येतं आणि सूज गायब! म्हणून झाकणाची व्हायल (छोटी बाटली) आधीच तोलून ठेवा, तुकडा काढल्यापासून मिनिटभरात झाकण लावून वजन घ्या, टिपकागदावर दाबू नका. १०० अंशांवर २४ तास वाळवा, डेसिकेटरमध्ये (हवेतली ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तोला. गरम व्हायल काट्यावर ठेवली की आकडा नाचतो. अख्खा गोलार्ध एकत्र घेतला तर जखमेभोवतीची वाढ निरोगी ऊतीत विरून जाते.

तरीही एक मर्यादा राहतेच: पाणी पेशीबाहेरून नुसतं आत सरकलं तर एकूण वजन बदलत नाही. ते पाहायचं तर एमआरआयवर पाण्याचं विसरण, म्हणजे त्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते, मोजावं लागतं. पेशी फुगल्या की ते घटतं, वाहिन्या गळल्या की वाढतं.

इव्हान्स ब्लू हा रक्तात सोडायचा निळा रंग अल्ब्युमिनला चिकटतो, म्हणून तो फक्त गळती दाखवतो. निळं दिसलं नाही म्हणजे सूज नाही, हा निष्कर्ष चुकीचा. शिवाय इथे सलाइनने वाहिन्या धुवाव्याच लागतात, नाहीतर वाहिन्यांतलाच रंग मोजला जातो. पाण्याच्या मोजणीत मात्र तेच धुणं आकडा बिघडवतं. दोन्हींसाठी प्राणी वेगळे ठेवा.

ॲक्वापोरिन-४ म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी ये-जा करू देणारं प्रथिन. त्याच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रथिनं वेगळी करून पट्टीच्या गडदपणावरून प्रमाण पाहण्याच्या चाचणीत) नमुना ९५ अंशांवर उकळायची सवय मोडा. हे पडद्यातलं प्रथिन गोळा होऊन जेलच्या वरच अडकतं. ३७ अंश पुरतात. पट्टी तेवढीच गडद आली म्हणून "काही बदल नाही" असंही लिहू नका. ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशीच्या रक्तवाहिनीला टेकलेल्या पायांवरून ते इतरत्र विखुरलेलं असू शकतं, आणि ते फक्त स्लाइडवर दिसतं. त्याला रोखणारं औषध केव्हा द्यायचं हाही प्रश्नच आहे: हे जनुक नसलेल्या उंदरांत पेशींतली सूज कमी होते, पण गळतीची सूज वाढते, कारण साचलेलं पाणी बाहेर जायलाही हाच मार्ग लागतो.

शस्त्रक्रियेनंतर द्रव म्हणून ५ टक्के डेक्स्ट्रोज देऊ नका. ग्लुकोज वापरला गेला की उरतं निव्वळ पाणी. रक्तातला सोडियम पातळ होतो आणि सूज तुम्हीच वाढवता. ०.९ टक्के सलाइन द्या, तेही सगळ्या गटांना सारखंच.