जांभळ्याचं पिवळं होताना: लसूणघासाच्या बियांचा अर्क

लसूणघास म्हणजे लुसर्न, आमच्या गाईंचा चारा. लसणाशी त्याचं काही नातं नाही. एमएस्सीच्या प्रकल्पाला मी याच बिया घेतल्या, त्यांच्या अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद, म्हणजे मुक्त कणांना (फ्री रॅडिकल) शांत करायची ताकद, मोजायला. पहिला महिना वाया गेला, कारण दुकानातून आणलेलं बियाणं गुलाबी होतं. ते बुरशीनाशक चोळलेलं! अर्कातला रंग बियांचा की औषधाचा, कळेना. मग घरी चार गुंठ्यांत धरलेलं बियाणं वापरलं. तुम्हीही औषध न लावलेलंच घ्या.

बी बारीक आणि कडक. मिक्सर सलग चालवला तर पूड तापते, म्हणून थांबून थांबून फिरवा. आधी सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा पुडीतून फिरवणारं काचेचं उपकरण) पेट्रोलियम ईथरने तेल काढा, नाहीतर अर्क चिकट होऊन वजनाचा घोळ होतो. मग २० ग्रॅम पूड २०० मिली ८० टक्के मिथेनॉलमध्ये २४ तास शेकरवर (हलवत ठेवणारं यंत्र) ठेवा, गाळा, ४० अंशांवर आटवा.

थोडा अर्क पाण्यात जोरात हलवला आणि फेस दहा मिनिटं टिकला, तर सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस देणारं वनस्पतीतलं द्रव्य, आहे. फेरिक क्लोराइडने हिरवट-काळसर झाला, तर फिनॉल. बियांतून ल्युटिओलिन हा फ्लॅव्होनॉइडही (फिनॉलांच्याच कुळातलं वनस्पतीतलं द्रव्य) झिरपतो. मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूची जनुकं तो जागी करतो, हे १९८६ साली दाखवलं गेलं. मला तरी हे अँटिऑक्सिडंटपेक्षा भारी वाटतं.

आता डीपीपीएच, म्हणजे जांभळा मुक्त कण; अँटिऑक्सिडंट भेटला की तो पिवळा पडतो. ३.९४ मिलिग्रॅम १०० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा, म्हणजे ०.१ मिलिमोलर. द्रावण त्याच दिवशी करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. मी एकदा खिडकीत ठेवली आणि जेवून आले, तर जांभळा रंग आपोआप फिका. ३ मिली डीपीपीएचमध्ये वेगवेगळ्या तीव्रतेचा १ मिली अर्क घाला, ३० मिनिटं अंधारात ठेवा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते वाचा. अर्काऐवजी मिथेनॉल घातलेल्या नियंत्रण नळीचं वाचन साधारण ०.८ ते ०.९ यायला हवं.

सगळे विसरतात ते इथे: अर्काला स्वतःचा पिवळा रंग असतो. प्रत्येक तीव्रतेसाठी १ मिली अर्क आणि ३ मिली नुसतं मिथेनॉल अशी वेगळी नळी लावा आणि ते वाचन वजा करा. माझ्या पहिल्या आलेखात जास्त अर्काला कमी ताकद दिसत होती, ती याचमुळे.

किती टक्के रंग उडाला याचं सूत्र: नियंत्रणाच्या वाचनातून नमुन्याचं वाचन वजा, भागिले नियंत्रण, गुणिले १००. निम्मा रंग घालवायला लागणारी तीव्रता म्हणजे आयसी५०. जितकी कमी, तितका अर्क तेज. शेजारी त्याच दिवशी ॲस्कॉर्बिक आम्लही चालवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

निकाल ऐकून मामांनी विचारलं, "मग रोज चमचाभर पूड घेऊ का, गुडघ्यांसाठी?" नको! कच्च्या बियांत कॅनव्हॅनिन हे विषारी अमिनो आम्ल असतं, आर्जिनिन या नेहमीच्या अमिनो आम्लाच्या जागी प्रथिनांत घुसणारं. शिवाय नळीतला रंग उडाला म्हणून मामांचे गुडघे चालू लागत नाहीत.

आणि हो, वापरलेलं मिथेनॉल बेसिनमध्ये ओतू नका, त्याची बाटली वेगळी असते.