धुऱ्यावरची रुई आणि बिबळ्या कडवा: या चुका टाळा

धुरा, म्हणजे शेताचा बांध, साफ करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला घाव रुईवर बसतो. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, मग ठेवायची कशाला? पण बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, हे केशरी फुलपाखरू वाढतं ते जास्त करून तिच्यावर. आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आशियाभर भटकणारं हे फुलपाखरू इजिप्तमध्ये नेबामून नावाच्या प्राचीन अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रातही आहे. आपल्याला मात्र ते पऱ्हाटीच्या कडेला रोज दिसतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अळी दिसली की फवारा मारणं. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, अशी अळी रुईवर असेल तर तिला राहू द्या. ती रुईच्या कुळातली चिकाची झाडंच खाते. कपाशीला, तुरीला, सोयाबीनला शिवत नाही. संत्र्याच्या रोपवाटिकेत कोवळी पानं फस्त करणारी अळी वेगळी. ती लिंबावरच्या फुलपाखराची, लहानपणी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी. तिचा बंदोबस्त करावाच लागतो. पण एकीच्या रागाने दुसरी मारू नका.

शनिवारी मारुतीला माळ करायची तर पानं खुशाल तोडा, फक्त आधी उलटून बघा. मादी बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला एकेकच पांढुरकं अंडं घालते. तेवढं पान सोडलं तर देवही रागावणार नाही.

पोरांना हे सगळं दाखवायला अळी घरी आणता, तेव्हा खरी गडबड होते. मी स्वतः पहिल्या वेळी लोणच्याची बरणी वापरली. कोष झाकणाला छान लटकला, पण तळ जवळ होता. फुलपाखरू बाहेर आलं, पंख खाली टेकले, आणि चुरगळलेले तसेच वाळून गेले. ते पुन्हा सरळ होत नाहीत. ते फुलपाखरू अजून डोळ्यांपुढे येतं. म्हणून उंच खोका घ्या, वर जाळीचं कापड बांधा आणि कोषाखाली वीतभर तरी मोकळी जागा ठेवा. पानं रोज ताजी द्या, पण ओली नकोत. विष्ठा रोज काढा, नाहीतर बुरशी धरते. पानं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, तोवर डोळ्याला हात लावू नका. कोष उमलताना वेळ लागतोय म्हणून नखाने सोलायला जाऊ नका. कोषातून फुलपाखराऐवजी माशा निघाल्या तर तुमचं काही चुकलं नाही. परजीवी माशीने अळीवर आधीच अंडी घातलेली असतात.

वाळलेल्या भुरुंडीवर किंवा खुळखुळ्यावर पाच-सहा कडवे चिकटून बसलेले दिसले की "औषधाने गुंगले" असं लोक म्हणतात. बहुधा ते नर असतात. त्या झाडांतली रसायनं शोषून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. ते वाळकं झुडूपही उपटू नका. आणि हातात धरलेला कडवा निपचित पडला तर मेला समजून फेकू नका. हे त्याचं सोंग असतं. सावलीत फांदीवर ठेवलं की थोड्या वेळाने उडतो.

ओळखण्यातही गल्लत होते. मागच्या पंखाच्या मध्याभोवती तीन-चार काळे ठिपके असतील तर तो कडवा. वरच्या कडेला एकच ठसठशीत ठिपका असेल, तर ती त्याची नक्कल करणारी, डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी. कडव्याच्या अंगात रुईतलं विष असतं, म्हणून पक्षी त्याला टाळतात, आणि तेच कवच ही मादी उसनं घेते. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात.

राहिला उन्हाळा. चैत्र-वैशाखात धुरे पेटवायची आपली सवय आहे. सगळं करपलं असताना हिरवी राहते ती रुई, आणि भटक्या कडव्याला अंडी घालायला तेव्हा तीच सापडते. धुरा पेटवू नका, त्यावर तणनाशकही मारू नका. रुई फारच माजली असेल तर निम्मी यंदा छाटा, निम्मी पुढच्या वर्षी, आणि छाटण्याआधी फांद्यांवर हिरवे-गुलाबी कोष लटकलेत का ते बघून घ्या.