ऑनलाइन व्याख्यानमाला: दार कोणाकडे, आवाज कोणाकडे

इंदूरच्या आमच्या मंडळाची व्याख्यानमाला आता ऑनलाइनच भरते, कारण तिचे निम्मे श्रोते इंदुरात राहिलेलेच नाहीत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. जे सुदामा नगर, तिलक नगर, रामबागेत आहेत, त्यांच्यातल्या अनेकांना गुडघ्यांमुळे सभागृहाचे जिने नकोसे झालेत. नव्या कार्यकारिणीसाठी ही यादी लिहून ठेवतो आहे. विषय आणि वक्ता ठरवायला मंडळात जाणकारांची कमतरता नाही, तो भाग त्यांच्यावर सोडतो. झूमवरच्या सभेत कोणती गोष्ट कोणाच्या हातात असावी, तेवढंच इथे आहे.

तारखेच्याही आधी चार माणसं नक्की करा. एक बोलणारा, म्हणजे सूत्रसंचालक. एक दाराशी, वेटिंग रूममधून माणसं आत घेणारा. एक आवाजावर, कोणाचा माइक उघडा राहिलाय ते बघून बंद करणारा. आणि एक पडद्यावर: स्लाइड, रेकॉर्डिंग, स्पॉटलाइट हे सगळं त्याच्याकडे. श्रोते थोडे असतील तर दार आणि आवाज एकाकडे चालून जातात. पण सूत्रसंचालकाला यातलं काहीही देऊ नका, तो संगणकात कितीही तरबेज असला तरी. परिचय वाचता वाचता त्याचं लक्ष कोपऱ्यात उगवणाऱ्या नावांकडे गेलं, की वक्त्याची पीएच.डी. एका विद्यापीठातून उठून दुसऱ्या विद्यापीठात जाते.

मग अध्यक्षांचा प्रश्न. दरवर्षी कोणीतरी सुचवतंच, की होस्ट, म्हणजे सभा उघडणारा आणि तिचा ताबा असणारा, अध्यक्षकाकांनाच करू या, मान त्यांचा आहे. मान जरूर द्या. स्वागताचे चार शब्द त्यांचे ठेवा आणि त्या वेळी त्यांना स्पॉटलाइट करा, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर तेच मोठे दिसतील. होस्टचं काम मात्र चौघांपैकी त्याला द्या ज्याचं इंटरनेट भरवशाचं आहे आणि ज्याला दीड तास गप्प बसता येतं. हे काकांना घरी जाऊन सांगा, फोनवर नको. आणि आदल्या दिवशी तर मुळीच नको.

आता खातं. झूमच्या फुकट खात्यावर सभा चाळीस मिनिटांनी बंद होते. पूर्वी दोघांच्याच बोलण्याला ही अट नव्हती, जुलै २०२२ पासून तीही सूट गेली. चाळीस मिनिटांत आपल्याकडे प्रास्ताविक आणि परिचय होतो. तेव्हा कार्यक्रमाच्या महिन्यापुरतं पैसे भरून खातं घ्या. साध्या सशुल्क खात्यात शंभर जण मावतात. एका पडद्यासमोर आजी, आजोबा, सून आणि नातू बसले तरी झूमच्या हिशेबी तो एकच, त्यामुळे शंभर आपल्याला पुरतात. खातं मंडळाच्या ईमेलवर असावं, कोणा उत्साही सभासदाच्या खासगी ईमेलवर नको. नव्या यंत्रावरून खातं उघडताना झूम ओटीपी मागू शकतं आणि तो त्या ईमेलवर जातो. तो ईमेल किमान दोघांच्या फोनवर उघडतो ना, हे आठवडाभर आधी बघा. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो नेमका लग्नाला उज्जैनला गेलेला असतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘पासवर्ड दोघांना देऊन ठेवू, झालं काम,’ असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. एक झूम खातं एका वेळी एक संगणक, एक टॅबलेट आणि एक फोन एवढ्यावरच उघडं राहतं. दुसऱ्याने आपल्या लॅपटॉपवर तेच खातं उघडलं, की पहिल्याच्या लॅपटॉपवरून ते बंद होतं. कार्यक्रम सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी दोघंही मदत करायला धावले, तर दोघं एकमेकांना बाहेर ढकलत बसतात आणि कळत कोणालाच नाही.

काम वाटून घ्यायच्या तीन रीती झूममध्येच आहेत आणि त्या नीट समजून घ्या, कारण अर्धी धावपळ यांच्या घोटाळ्यातून होते. पहिली को-होस्ट. सभा सुरू झाल्यावर होस्ट एखाद्याला को-होस्ट करतो. मग तो माणसं आत घेऊ शकतो, कोणाचाही माइक बंद करू शकतो, स्पॉटलाइट देऊ शकतो. पण को-होस्टला सभा सुरू करता येत नाही, ती सर्वांसाठी संपवता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला को-होस्टही करता येत नाही. म्हणजे होस्ट आल्याशिवाय को-होस्ट कितीही आधी येऊन बसले तरी ते साधे श्रोतेच. ही सोय सशुल्क खात्याची आहे, महिन्याचे पैसे भरायचं हे आणखी एक कारण. दुसरी ऑल्टरनेटिव्ह होस्ट: याचं नाव सभा ठरवतानाच घालायचं असतं आणि तो होस्टच्या गैरहजेरीत सभा सुरू करू शकतो. मात्र त्याच्याकडेही त्याच संस्थेच्या खात्यातलं सशुल्क लायसन्स लागतं. कंपन्यांना ते जमतं. एकाच लायसन्सवर चालणाऱ्या आपल्या मंडळाच्या ते उपयोगाचं नाही, त्यात वेळ घालवू नका.

आपल्या कामाची आहे ती तिसरी, होस्ट की. खात्याच्या प्रोफाइलच्या पानावर सहा आकडी संख्या असते. सभेत शिरलेल्या माणसाने पार्टिसिपंट्सच्या यादीत ‘क्लेम होस्ट’ दाबून ती घातली, की तो होस्ट होतो. ही संख्या दोघांनी कागदावर लिहून ठेवा, ग्रुपवर टाकू नका. होस्ट येण्याआधी माणसांना आत शिरू देणारं सेटिंग आणि वेटिंग रूम यांचा मेळ आधी करून बघा: होस्टने मुद्दाम न येता बाकीच्या तिघांनी सभा उघडून दाखवायची. हे जमलं नाही तर कागदावरच्या संख्येला काही अर्थ नाही.

होस्टचं इंटरनेट मध्येच गेलं, तर झूम को-होस्टपैकी एकाला आपोआप होस्ट करतं आणि मूळ होस्ट परत आल्यावर त्याला ‘रिक्लेम होस्ट’ करता येतं. म्हणून सभा उघडल्याबरोबर, एकही श्रोता आत घेण्याआधी, तिघांना को-होस्ट करून टाका. सवड मिळाली की करू, हे चालणार नाही. हे तिघं एकाच कॉलनीतले नसावेत. एकाच गल्लीत लाइट गेली की तिघंही गेले. एक पलासियाला, एक अन्नपूर्णा भागात, एक इंदूरबाहेर असा असला तर उत्तम, आणि दोघांच्या घरी इंटरनेट वेगवेगळ्या कंपन्यांचं असावं. होस्टने आपल्या फोनवरूनही त्याच खात्याने सभेत यावं, वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर. लॅपटॉप गेला तरी तो सभेत राहतो. फोनवर आवाज जोडू नका, नाहीतर घुमायला लागतं.

तारीख ठरवताना पंचांग आपण बघतोच, पण इंदूरचं पंचांग वेगळं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक असते, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या निघतात. त्या दोन्ही दिवशी तुम्हाला ना स्वयंसेवक मिळतील, ना श्रोते. परदेशातल्या मंडळींसाठी वेळ लिहिताना नुसतं ‘संध्याकाळी साडेसात’ लिहू नका. आपल्या साडेसातला न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात नऊ. त्यांची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, इंग्लंडची त्याआधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळी त्या सुमाराला येत असेल, तर निमंत्रणावर तिन्ही वेळा छापून मोकळे व्हा.

तालीम दोन दिवस आधी घ्या, वक्त्यासह. वक्ता मोठा असला की तालमीचं विचारायला आपण बिचकतो. बिचकू नका, आवाजाचं काम तालमीशिवाय होत नाही. आपल्याकडे संगीतावरचं व्याख्यान दर दोन वर्षांनी येतंच, आणि इंदूर म्हटल्यावर इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ येतातच. वक्ता रंगात येऊन म्हणतो, ‘आता हा झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल ऐका,’ आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून फोन लॅपटॉपच्या माइकपुढे धरतो. झूमचा आवाज साफ करणारा भाग माणसाचं बोलणं राखायला बनवलेला आहे. सतत एकसारखा चालणारा नाद त्याला पंख्यासारखा गोंगाट वाटतो आणि तो तंबोरा गिळून टाकतो. खाँसाहेबांचा संथ आलाप तुटक तुटक ऐकू येतो, आणि श्रोते समजतात की रेकॉर्डिंगच जुनं. तेव्हा ध्वनिमुद्रणं आधी मागवून पडद्यावाल्याच्या लॅपटॉपवर ठेवा. वक्त्याने फक्त ‘लावा’ म्हणायचं. स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करायची, म्हणजे संगणकातला आवाज माइकची वाट न धरता थेट जातो. कोणी प्रत्यक्ष गाणार असेल, सुरुवातीचं ईशस्तवन धरून, तर गाणाऱ्याच्या झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करून घ्या. दोन घरांतून दोघींनी मिळून गायचा बेत मात्र सोडून द्या. एकीचा आवाज दुसरीपर्यंत पोचायला लागणारा तो किंचित वेळ तालाचा पार बोजवारा उडवतो.

रेकॉर्डिंग करणार असाल तर वक्त्याला तालमीतच विचारा. सभा सुरू झाल्यावर पडद्यावर आलेली सूचना म्हणजे परवानगी नव्हे.

कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवायचा असेल तर दोन गोष्टी. चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला चोवीस तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ते आदल्या आठवड्यातच उरका. आणि झूममधून ते प्रक्षेपण होस्टच सुरू करू शकतो, को-होस्ट नाही.

प्रत्यक्ष सभेत दाराशी बसणाऱ्याने दोन बटणं एकमेकांपासून लांब ठेवायची आहेत: वेटिंग रूममध्ये परत पाठवणं आणि ‘रिमूव्ह’. रिमूव्ह केलेला माणूस, सेटिंग बदललेलं नसेल तर, त्या सभेत परत येऊच शकत नाही. टीव्हीचा आवाज येतोय म्हणून एखाद्या आजोबांना चुकून रिमूव्ह केलं, तर ते पुढची तीन वर्षं वर्गणी देणार नाहीत. त्यांच्यासाठी म्यूट पुरेसं आहे. म्यूट तुम्ही करू शकता, उलटं मात्र करता येत नाही. झूम फक्त विनंती पाठवतं आणि ती मान्य करायचं बटण त्यांनाच दाबावं लागतं. प्रश्नोत्तरांत वयस्कर श्रोत्यांचा नंबर येण्याआधीच आवाजवाल्याने त्यांच्या घरच्या सुनेला किंवा नातवाला फोन करून ठेवावा. यात कमीपणा काही नाही, आणि आजींचे प्रश्न बहुतेकदा सगळ्यांत चांगले असतात.

दार उघडं टाकायचा मोह होतो, ‘आपलीच तर माणसं आहेत’ म्हणून. एप्रिल २०२० पासून झूमनेच पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, कारण अनोळखी लोक सभांत घुसून धिंगाणा घालू लागले होते. दुवा फेसबुकवर टाकू नका. आत येताना नाव ‘रेडमी’ किंवा ‘गॅलेक्सी’ असं दिसलं तर हाकलू नका, आधी ग्रुपवर विचारा. बहुतेक वेळा ती एखादी मावशीच असते. स्क्रीन शेअर फक्त होस्ट आणि को-होस्टपुरतं ठेवा.

चौघांचं आपसातलं बोलणं झूमच्या चॅटमध्ये करू नका. ‘यांना आवरा आता’ हा संदेश वक्त्यासकट सगळ्यांना गेला, की मागून पुसला तरी तो वाचला गेलेलाच असतो. चौघांचा वेगळा व्हॉट्सॅप ग्रुप करा, फोन सायलेंटवर, समोर उताणा. शब्द आधीच ठरवून ठेवा. ‘दार तुझ्याकडे’ लिहिलं की समोरच्याने ‘घेतलं’ लिहायचं. नुसता अंगठा चालणार नाही. अंगठा कशालाही येतो.

होस्टला मध्येच उठावं लागलं, तर त्याने ‘लीव्ह’ दाबून दुसऱ्याला होस्ट करून जायचं. त्याच्या शेजारीच ‘एंड मीटिंग फॉर ऑल’ असतं. आभारप्रदर्शन संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

सभा संपल्यावर पडद्यावाल्याने लॅपटॉप लगेच मिटायचा नाही. रेकॉर्डिंग त्याच्या संगणकावर असेल तर त्याचं फाइलमध्ये रूपांतर सभा संपल्यानंतरच सुरू होतं. ते पूर्ण झालं की फाइल उघडून पहिलं आणि शेवटचं मिनिट ऐकायचं आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी खजिनदारांनी खात्याचं आपोआप होणारं नूतनीकरण बंद करायचं, ज्याच्या कार्डावरून पैसे गेले त्याला ते परत द्यायचे आणि होस्ट की बदलून नवी संख्या पुढच्या दोघांना द्यायची.